तळहातावरचा उजेड

सकाळपासूनचं हे सातवं ऑपरेशन. उभं राहून माझ्या पायांचे नुसते तुकडे पडले होते. मी डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. डोळ्याच्या आत उजेड पाडायचा सुईएवढा बारीक दिवा डॉक्टरांच्या हातात देणं हे माझं काम. देण्याआधी तो मी स्वतःच्या तळहातावर धरून बघते. उजेडाचा गोल नीट पडला, की मगच काम सुरू. वीस वर्षांत ही सवय एकदाही मोडलेली नाही.

टेबलावरचे आजोबा जागे होते, फक्त डोळा बधिर केलेला. खोलीतले बाकीचे दिवे मालवलेले. काम संपलं, तसा डॉक्टरांनी दिवा डोळ्यातून काढून ट्रेमध्ये ठेवला.

"बंद करा, सिस्टर."

"केला, सर."

आता खोलीत काळोख व्हायला हवा होता. पण आजोबांच्या डोळ्याची बाहुली आतून उजळलेलीच होती.

"अहो, बंद करा म्हटलं ना. मीही दमलोय."

मी वायरच उपटली. ट्रेमधला दिवा केव्हाच विझला होता. डॉक्टरांचे दोन्ही हात रिकामे होते. बाहुलीतला उजेड मात्र हळूच सरकला.

"आजोबा, दुखतंय का?"

"नाही गं पोरी. पण झालं म्हणालात ना? मग आत अजून कोण चाचपडतंय?"

मी डोळ्यावर पट्टी ठेवायला हात पुढे केला.

बाहुलीतून उजेडाची बारीक तिरीप बाहेर आली आणि माझ्या तळहातावर येऊन थांबली.

गोल अगदी नीट पडला होता.