ओरेस्तेच्या खुर्चीतला घोट

रोसारियो शहरातल्या क्लबात दर मंगळवारी सकाळी म्हाताऱ्यांचा स्मरणवर्ग भरे. नळी लावलेल्या तुंब्यात कडू चहा भरून तो एकेकाला द्यायचं काम नेलिदाचं. पुरे झालं की ज्याने त्याने 'ग्रासियास', म्हणजे 'आभार', म्हणायचं. तोवर त्याची पाळी चुकत नसे.

मानसशास्त्राच्या लुक्रेसियाबाई प्रत्येकाच्या चुका वहीत टिपत. नेलिदाची आणखी एक चूक टिपली गेली, तर लेक तिला एकटीला घरात राहू देणार नव्हती.

आणि आज नेलिदाने भरलेला तुंबा ओरेस्तेच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. ओरेस्ते हिवाळ्यातच वारला होता.

"अगं बये, मेलेल्यालाही पाजतेस?" शेजारचा एर्मिनिओ खिदळला.

नेलिदाचं तोंड उतरलं. "हाताची सवय हो, बाई."

"हात फार उशिरा विसरतात, आजी. पण लिहावं तर लागेल." लुक्रेसियाबाईंनी लिहून टाकलं.

तेवढ्यात नळीतून तळाचा घोट ओढल्याचा लांब, निर्लज्ज आवाज आला. ओरेस्ते अस्साच प्यायचा.

नेलिदाने तुंबा उचलून पाहिला. तो रिकामा होता.

मग एर्मिनिओच डोळे पुसत हसला. "हावरट तो हावरटच राहिला!" बघता बघता सारा वर्ग हसू लागला.

लुक्रेसियाबाईंनी लिहिलेलं खोडलं. "चूक नव्हती," त्या म्हणाल्या.

नेलिदाने तुंबा पुन्हा भरून तिथेच ठेवला. सगळे कान देऊन बसले.

सुर्रर्र.

'ग्रासियास' काही कुणी म्हणालं नाही. नेलिदाने हसत हसत दुसरी किटली चढवली.