दाराची पट्टी

"हे मशीन आंधळं आहे, एवढं एक डोक्यात पक्कं बसव," बाप लेकीला म्हणाला. "त्याला फक्त आकडे कळतात. झिरो कुठे, ते आपण दाखवायचं. तिथून पुढे आकडा सांगेल तिथे टूल जाणार. वाटेत लोखंड आहे की आणखी काही, ते विचारायची पद्धत नाही त्याच्यात."

लेकीने टूल हळूच जॉबला, म्हणजे पकडीतल्या लोखंडी तुकड्याला, टेकवलं, स्क्रीनवर झिरो भरला आणि हिरवं बटण दाबलं. पहिलाच जॉब तिचा! बापाने मायक्रोमीटर लावला तर केसाचाही फरक नव्हता. त्याचा ऊर भरून आला, पण पोरगी शेफारेल म्हणून तो नुसता "ठीक आहे" म्हणाला.

मायक्रोमीटर धरायला त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि दोनच बोटं होती. कारखान्यात सगळे त्याला आठबोट्या म्हणत, तेही तोंडावर. तो हसायचा. न हसून जातो कुठे? बोटं गेल्यावर मालकांनी त्याला घरी न पाठवता ट्रेनर केलं होतं, आणि मालकांचे हे उपकार तो येता-जाता सगळ्यांना सांगायचा.

"आता मशीनचं दार," तो म्हणाला. "दाराच्या कडेची ही लोखंडी पट्टी चौकटीतल्या खाचेत शिरली, की मशीनला कळतं दार बंद झालं. उघडलंस की पट्टी बाहेर, मशीन जागच्या जागी थांबणार. करून बघ."

तिने करून बघितलं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा मशीन थांबलं.

"बाबा, मग तुमची बोटं कशी गेली?"

"सांगितलंय ना घरी. चालू मशीनचं दार उघडून हात घातला. वेंधळेपणा, दुसरं काय! तुझी आई उगाच बोलत नाही."

"पण दार उघडलं की थांबतं ना?"

"तोंड कमी चालव. काम शिक."

तेवढ्यात मालक आले. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात कागद. "एका जॉबला साठ सेकंद? बाकीच्यांना एक्कावन्न लागतात. नऊ सेकंद नुसती दाराची उघडमीट!" त्यांनी खिशातून एक सुटी पट्टी काढली. अगदी दारावर होती तशीच. "ही लावून द्या हिला. तुम्हाला काय, सवयच आहे."

बाप पुढे झाला. "मालक, आज पहिला दिवस आहे तिचा. आठवडाभर दार लावूनच..."

"मग आठवडाभर दोघंही घरी बसा. मी आमंत्रण धाडलं होतं का?"

मालकांनी कागद लेकीपुढे धरला. 'मी यंत्राचे दार बंद ठेवूनच काम करीन. तसे न केल्यास होणाऱ्या इजेस मी स्वतः जबाबदार राहीन.'

"घाबरू नकोस, सगळ्यांच्याच सह्या आहेत," मालक गोड आवाजात म्हणाले. "तुझ्या बाबांचीसुद्धा."

तिने कागद दोनदा वाचला. मग बापाच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बापाने तो हात मागे घेतला, पण आता लपवायला राहिलं होतं काय? तिने सही केली. मालक कागदाची घडी घालत निघून गेले.

बापाने सुटी पट्टी चौकटीच्या खाचेत सारली. बोटांना जमेना म्हणून टेप दातांनी तोडून वरून चिकटवली. मग दार सताड उघडं ठेवून त्याने हिरवं बटण दाबलं. मशीन घरघरत सुरू झालं. त्याच्या लेखी दार बंद होतं.

"लोखंडाचा कीस ओढायला हा हूक वापर," बाप खाली मान घालून म्हणाला. "घाईच्या वेळी लोक हात घालतात. तू घालू नकोस."

लेक फिरत्या जॉबकडे बघत राहिली.

"बाबा, इथे ट्रेनरच्या जागा किती आहेत?"

टेपचं एक टोक सुटत होतं, ते बापाने अंगठ्याने नीट दाबून बसवलं.