पहिला नियम

“काल माझा मेसेज उडवला, आज अजिनाथचा. कोणत्या नियमानं?” खाटेवर बसलेल्या रामहरींनी ग्रुपवरचा भिमाजीचा मेसेज मोठ्याने वाचला. “बरोबर बोलतोय त्यो. नियम करून टाक. मी सांगतो, तू लिही.”

विजयमालाने स्वतःचा मोबाईल घेतला.

खर्डा गावाच्या या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन दोघं नवरा-बायको. देवळाली प्रवरेला ऊस वाहायला जाताना समर्थनेच, त्यांच्या लेकाने, दोघांना ॲडमिन करून दिलं होतं.

आज सकाळी सातला त्याच समर्थच्या फोटोखाली अजिनाथने श्रद्धांजली लिहिली. तिने मेसेज उडवला, अजिनाथला फोन करून गप्प केलं. समर्थच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाला, आसारामला, विचारलं. खरं होतं. पहाटे ट्रॅक्टर उलटला. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती न्हाणीत रडली आणि तोंड धुऊन बाहेर आली.

रामहरींच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते. समर्थला घेऊन गाडी दिवेलागणीला येणार. तोवर तरी यांना कळू नये, एवढंच ती देवाकडे मागत होती.

“राजकारण नको,” रामहरी म्हणाले.

तिने लिहिलं.

“शुभ सकाळची फुलंबी बंद करू,” ती म्हणाली. “रोज ढीग पडतोय.”

“राहू दे. फुलांनी कुणाचं काय बिघडतंय? बीपीची गोळी घेतली का तू?”

“घेतली. किती येळा इचारता?”

कुणाला ग्रुपमधून काढून टाकायच्या आधी दोनदा समज द्यायची, हेही ठरलं. मग ती जपून म्हणाली, “कुणाच्या घरची वाईट बातमी घरच्यांच्या आधी दुसऱ्यानं टाकायची न्हाई.”

रामहरींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

“हा पहिला घे,” ते म्हणाले. “आन् सगळ्यांना सारखा. आपल्यालाबी.”

नियम ग्रुपवर गेले. भिमाजीनेही मान्य केलं. रामहरी डोळे मिटून आडवे झाले, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

सकाळचं आणखी काही राहिलं नाही ना, हे बघायला ती वर वर सरकत गेली. गुलाब, जास्वंद, झेंडू. फुलांच्या ढिगाआड आसाराम मुकादमाचं नाव होतं. वेळ पहाटे पाच चाळीसची. नावाखाली एकच ओळ होती.

‘ॲडमिन रामहरी यांनी हा मेसेज डिलीट केला.’