कच्चा टाका

कलेच्या म्युझियमने उन्हाळ्यात वस्तीतल्या बायकांना एकत्र गोधडी शिवायला बोलावलं, वर एसी आणि पन्हं फुकट, तेव्हाच मला संशय आला. मी आईची साडी दिली खरी, पण कच्च्या टाक्यांनीच जोडली. गोधडी त्यांनी ठेवून घ्यायची म्हटली, तर दोरा ओढून साडी घेऊन निघायचं.

त्याहून जास्त धास्ती होती ती शेजारच्या ढवळेबाईंची. सामाईक मोटारीचं पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून भांडल्यापासून आमचं बोलणं बंद. आणि ही नेमकी माझ्या साडीपाशी घुटमळायची. डोळा जरीच्या काठावर, दुसरं काय.

शेवटच्या दिवशी गोधडी कायमची भिंतीवर टांगणार असं कळलं आणि मी दोरा ओढला. हलेना. काठ जागेवर होता, पण माझ्या टाक्यांवरून कुणीतरी बारीक, पक्के टाके घातले होते.

“टांगल्यावर तुमचीच साडी खाली आली असती, सगळ्यांदेखत,” ढवळेबाई गोधडीकडे बघत म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, हिला आता मोटार आधी हवी असणार. संध्याकाळी मी पाणी आधी तिच्या टाकीत सोडलं. बघू, काय म्हणते.