सहा आकडी नाव

"नाव नको, नंबर घाल," कमलबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिठाची परात पुढं ओढली.

संघप्रियानं लॅपटॉपवरून मान वर केली. येरमाळ्याच्या स्टँडसमोर तिचं दुकान होतं. वेबसाइट, बॅनर, लग्नपत्रिका असं सगळं ती करून द्यायची, आणि दुपारी रस्त्यापलीकडच्या कमलबाईंच्या खानावळीत जेवायची. येडेश्वरी देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांना आधीच ताटं सांगून ठेवता यावीत म्हणून खानावळीची वेबसाइट काढू, ही कल्पना तिचीच. कमलबाई लगेच तयार होतील असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

"मावशी, वेबसाइटचं नाव तोंडात बसणारं पाहिजे. कमलबाई खानावळ येरमाळा, तिन्ही शब्दांची पहिली इंग्रजी अक्षरं घेऊ. के के वाय. लहान आहे, अजून कुणी घेतलेलं पण नाही."

"मला कुठं अक्षरं वाचता येत्यात? आकडे येत्यात." कमलबाईंनी भाकरी थापायला घेतली. "घे लिहून. दोन पाच तीन, सहा चार एक."

"हा कशाचा नंबर?"

"जुन्या फोनचा. घरातल्या."

संघप्रियानं समजावून पाहिलं. नुसते आकडे असले की आत काय मिळतं ते कळत नाही. लोकांना फसवणुकीची लिंक वाटते, बोट लावायला घाबरतात. शिवाय सहा आकडे ध्यानात ठेवणार कोण?

"एकानं ठेवले असतील." कमलबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, मग पुढचं बोलल्या. "माझं पोरगं. सिदू. सहा वर्षांचं व्हतं तवा ताटातूट झाली. चोवीस वर्षं झाली. कुठं चुकलास तर ह्यो नंबर सांगायचा, असं म्याच पाठ करून घेतलं व्हतं."

दोन वर्षं रोज इथं जेवत असूनही कमलबाईंना मूल असल्याचं संघप्रियाला माहीत नव्हतं. तिनं लॅपटॉप अर्धवट मिटला.

"त्या नंबरवर कधीच फोन आला नाही?"

"पुढं फोनच बंद झाला."

"पोलिसांत तक्रार?"

"दिली व्हती म्हणं. काय उपेग झाला न्हाय."

"कुठल्या गावाला झालं हे?"

"तेरणेच्या काठाला."

तेरणेच्या काठाला गावं काय एकदोन आहेत? पण कमलबाईंनी पुढचा गोळा हातात घेतला होता, आणि आता त्या काही सांगणार नाहीत हे संघप्रियाला कळलं.

संध्याकाळी तिनं ते सहा आकडी नाव घेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या डोक्यानं एक पान तयार करून आणलं. त्यात मोठ्या अक्षरांत सिदूचं नाव होतं, हरवल्याची हकीकत होती आणि आईच्या फोटोसाठी चौकट होती.

कमलबाईंनी ते तिच्याकडून वाचून घेतलं आणि मान हलवली. "ह्यातलं काय बी नको. त्याचं नाव नको, माझा फोटो नको. खाली कमलबाई बी लिहू नको. भाकरी, पिठलं, येसूर आमटी, एवढंच असू दे. आन् फोन तुझा टाक. म्या उचलणार न्हाय."

फोटो टाकला तर उद्या दहा जण 'मीच सिदू' म्हणत येतील, याची त्यांना भीती असावी. संघप्रियाला ते पटलं. तिनं पान पुसून टाकलं.

रस्त्यावरच्या पाटीवरही तेच आकडे आले, दोन हात उंचीचे. महिनाभर येरमाळ्यात थट्टा चालली. कुणी लॉटरीचा नंबर म्हणालं, कुणी ट्रकचा. पण ताटांची मागणी वाढली. कर्नाटकातल्या आळंदहून दरवर्षी दर्शनाला येणाऱ्या इरम्मानं पंधरा ताटं सांगताना संघप्रियाला सांगितलं, "तुमचं मराठी आमाला वाचाला येत नाही बघा. आकडा बरं पडतंय." संघप्रियानं मनातल्या मनात के के वायचा नाद सोडला.

श्रावणातल्या एका दुपारी तिच्या दुकानात फोन वाजला.

"काल एसटीनं येरमाळ्यावरनं गेलो," एक पुरुष म्हणाला. आवाज तरुण होता, बोलणं सावकाश. "तिथं एका पाटीवर नंबर बघितला. तोच मोबाइलवर टाकला, तर तुमची वेबसाइट आली. हा नंबर तुमाला कुठनं मिळाला?"

"तुमच्या ओळखीचा आहे?"

"लहानपणी पाठ व्हता. अजून बी आहे."

"कुणी पाठ करून घेतला?"

"आईनं. सगळा बिनचूक म्हटला की गुळाचा खडा द्यायची."

संघप्रिया उठून उभी राहिली. "तुमचं नाव?"

"सिद्राम. घरात सिदू म्हणायचे."

"फोन ठेवू नका. एक मिनिट थांबा." ती तशीच रस्ता ओलांडून पळाली. दोन गिऱ्हाइकं जेवत होती त्यांच्यामधून वाट काढत ती चुलीपाशी गेली आणि तिनं फोनचा स्पीकर लावला.

"मावशी, सिदू आहे. बोला."

कमलबाईंचे हात पिठातच थांबले. त्या मागं सरकल्या आणि त्यांनी नको म्हणून हात हलवला. चोवीस वर्षांनंतर एकदम शब्द सुचत नसतील, असं वाटून संघप्रियानंच बोलायला घेतलं.

"सिदूदादा, इतकी वर्षं कुठं होता तुम्ही? घर सापडलंच नाही का? मावशी किती वाट बघतायत तुमची. कुठं चुकून गेला होता?"

जेवणारे दोघंही घास हातात धरून ऐकत होते.

"म्या कुठंच गेलो न्हाय, ताई," तो म्हणाला. "माकणीलाच आहे, त्याच घरात. मला शाळेत सोडून निघून गेली ती आई."