तात्पुरतं

बाईंनी डिस्क पिशवीतून काढली, खोक्यातून काढली, प्लॅस्टिकमधून काढली आणि दोन्ही हातांनी ऑपरेटरसमोर ठेवली.

“दोन टेराबाइटची आहे. दुकानदार म्हणाला, आयुष्यभर पुरेल. म्हटलं, कुणाच्या रे? माझ्या की तुझ्या?”

ऑपरेटर हसली. संस्थेची सगळी यंत्रं तीच सांभाळायची. बाईंनी निवृत्त होईपर्यंत सव्वीस वर्षं दर आठवड्याला एकाच तळ्याचं पाणी आणलं होतं आणि त्यातल्या काचेच्या कवचाच्या एकपेशी जिवांचे सूक्ष्मदर्शकातून फोटो काढले होते. आता त्याचं पुस्तक निघणार होतं. प्रकाशक फोटोंसाठी थांबला होता आणि ते फक्त इथल्या यंत्रावर होते. तळं बुजवलं होतं. तिथे आता गाड्या लागत.

तिने डिस्क जोडली आणि काळ्या पडद्यावर मोकळी जागा विचारली. एक पूर्णांक आठ.

“दोन सांगून एक पूर्णांक आठ?”

“ते हजाराने मोजतात, बाई. यंत्र एक हजार चोवीसने मोजतं.”

“म्हणजे काटा मारतातच.”

मग तिने बाईंच्या फोल्डरचा आकार विचारला. या उत्तराला दहा मिनिटं तरी लागायला हवी होती. लगेच आलं. चार केबी, एका फोटोएवढंही नाही.

तिने आतली यादी काढली. सव्वीस वर्षांची सव्वीस नावं जागच्या जागी होती. पण प्रत्येक नावापुढे बाण, आणि बाणापुढे दुसऱ्या डिस्कवरचा पत्ता. फोटो इथे नव्हतेच. इथे होत्या नुसत्या पाट्या, तिकडे जा असं सांगणाऱ्या. सगळे पत्ते लाल होते. लाल म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही. आणि प्रत्येक पत्त्यात एक शब्द होता: तात्पुरतं.

गेल्या वर्षी जागा कमी पडली तेव्हा विभागप्रमुखांनी फोटो तिकडे हलवले असणार. पंधरा दिवसांपूर्वी पुन्हा कमी पडली, तेव्हा ‘तात्पुरतं’ रिकामं करा, असं त्यांनीच लिहून दिलं होतं. रिकामं केलं तिने. आत डोकावलीही नव्हती. ‘तात्पुरतं’मध्ये कोणी डोकावत नाही. त्याचा बॅकअपही कोणी घेत नाही.

“पाणी आणते,” म्हणून ती बाहेर गेली आणि जिन्यात उभं राहून तिने प्रमुखांना फोन लावला.

“अरे देवा,” प्रमुख म्हणाले. ते बाईंचेच विद्यार्थी. मग म्हणाले, “तुम्ही आधी बघितलं नाहीत?”

“तुम्ही लिहून दिलं होतं, सर.”

“मी तात्पुरतं काढायला सांगितलं होतं. बाईंचं काढायला नव्हतं सांगितलं.”

“आता त्यांना काय सांगू?”

“आज काही सांगू नका. दोघांच्याही अंगाशी येईल. आहे ते कॉपी करून द्या. घरी उघडलं नाही तर डिस्क खराब निघाली म्हणता येईल. निघतात नव्या डिस्का तशा.”

ती परत आली तेव्हा बाई चष्मा पुसत होत्या.

“पाणी कुठाय?”

“संपलंय, बाई.”

“असू दे. चेहरा का असा? जागा पुरत नाही का?”

“पुरते,” ती म्हणाली. “पुष्कळ उरते.”

तिने आज्ञा टाइप केली. एका ओळीत मावली. बोट एंटरवर थोडं थांबलं, मग दाबलं. सव्वीस वर्षं एकाखाली एक पडद्यावर उमटली आणि खाली कर्सर पुन्हा लुकलुकू लागला.

“झालं पण?” बाई पुढे वाकल्या. बोट न टेकवता त्यांनी वर्षं वरपासून खालपर्यंत वाचली, ओठ हलवत. “सगळी आहेत की गं. मागे इथलं यंत्र बदललं तेव्हा दोन दिवस लागले होते. कुठल्या कुठे गेली यंत्रं!”

ऑपरेटरने डिस्क सोडवली. अजून गरमही झाली नव्हती.

बाईंनी ती रुमालात गुंडाळली, पिशवीत तळाशी ठेवली आणि वही उघडली.

“आता तुझं पूर्ण नाव सांग. आभारात घालायचंय. त्या प्रमुखाच्या वर घालणारे, चिडला तर चिडू दे. इतकी वर्षं सांभाळलंस ते तू.”

“नको, बाई.”

“गप्प बस. सांग.”

तिने सांगितलं. बाईंनी दोन अक्षरं लिहिली आणि पेन थांबवून वर पाहिलं.

“वेलांटी पहिली की दुसरी?”