दाण्यांतली जाळी

डाळीच्या डब्यावरून आणखी एक पाखरू उडालं, तेव्हा नवरा बूट घालत होता.

“संध्याकाळी एकही दिसता कामा नये,” तो म्हणाला. “नाहीतर उद्यापासून स्वयंपाकघरालाही कुलूप. लागेल तेवढं मी काढून देत जाईन.”

“हिचा पायगुणच तसला,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “धाडून दे एकदाची माहेरी.”

तो हसला. दार ओढलं. बाहेरून किल्ली फिरली. ते कुलूप आतूनही किल्लीशिवाय उघडत नसे. दुसरी किल्ली हिवाळ्यात हरवली, तेव्हा त्याने तिची गादीसुद्धा उसवून पाहिली होती.

वरचा कप्पा.

रवा, पीठ, तांदूळ. सगळं चाळलं. डबे उकळत्या पाण्याने धुतले. झाकणांच्या आट्यांतून टाचणी फिरवली. एक अळी नाही.

“घास, आणखी घास. डब्याचा आरसा होईल, मग बघ त्यात आपलं तोंड,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या जागी मी असते तर केव्हाच माहेर गाठलं असतं.”

तिने पुढचा डबा ओढला. हेही आता संध्याकाळी सांगावं लागणार. चहाचा कप हातात घेतला की तो रोज विचारायचा, “आई आज काय काय बोलली?” ती शब्दन् शब्द सांगायची. एखादा गाळला तर त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळायचं.

मधला कप्पा.

तिथेही काही नाही. मग ही येतात तरी कुठून?

खालचा कप्पा तिने उघडलाच नाही. नाकासमोरून एक पाखरू गेलं, आणि ते आलं होतं सासूबाईंच्या खोलीतून.

सासूबाईंची मान खुर्चीत कलली होती. ती पाय न वाजवता आत गेली. खोलीत एकच कपाट. त्याला कुणी हात लावलेला सासूबाईंना खपत नसे. केर काढतानाही त्या दारात पहारा देत. कपाटाच्या फटीत दोन पाखरं पंख मिटून बसली होती.

अस्सं! चोरून खाऊ साठवायचा यांनी आणि बोलणी खायची मी. तिचे कान तापले. आज संध्याकाळी सांगायला चांगलं घसघशीत काहीतरी होतं. कुलूप लागायचंच तर लागू दे या कपाटाला.

पांघरुणांच्या घड्यांमागे एक कापडी पिशवी होती. तिने तोंड सोडलं. शेंगदाणे, बिस्किटं. सगळं जाळीने एकमेकांना चिकटलेलं, आत अळ्या वळवळत होत्या. किती महिने भरून ठेवलंय हे?

तिने पुडकी बाहेर काढली. पिशवी तरीही जड होती.

तळाशी चपला होत्या. तिच्याच. घराबाहेर घालायच्या, नवऱ्याने फेकून दिल्या असं तिला वाटत होतं त्या. डाव्या चपलेच्या अंगठ्याला दोऱ्याने बांधलेली दाराची दुसरी किल्ली होती.

मागे फरशीवर काठी टेकल्याचा आवाज झाला.

“बघत काय बसलीस?” सासूबाई दारातून म्हणाल्या. “माहेरी जा म्हणून किती वेळा सांगायचं तुला?”